स्टिलफेल्डच्या मंडळीचा सलाम

करागांडा,
४ ऑक्टोबर १९९३

प्रिय आक्का,

प्रभूच्या नावात सलाम. काल आमच्याकडे सुगीची उपासना झाली. व्यासपीठापुढे भोपळे, कोबी, बटाटे आणि गाजरांचं एक अख्खं पोतं रचलं होतं. तुझं ऑगस्टमधलं पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं. प्रवचन आटोपल्यावर मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "किर्गिझस्तानच्या चुई खोऱ्यातल्या स्टिलफेल्डच्या मंडळीने आपणा सर्वांना सलाम पाठवला आहे." त्यावर नऊशे माणसं उभी राहून एका आवाजात म्हणाली, "प्रेमाने स्वीकारतो." पुढच्या बाकावरची म्हातारी टीना डोळे पुसत होती. तिचं माहेर स्टिलफेल्डचं ना.

प्रवचनात मी बाबांची गोष्ट सांगितली. तुला ती पाठ आहे, तरी लिहितो, कारण ती लिहितानाही माझी छाती फुगते. बावन्न साल, गहू उभा, आणि सामूहिक शेताच्या मुख्याने रविवारी सगळ्यांनी कापणीला यायचा हुकूम काढला. बाबांनी शनिवारी रात्रीपर्यंत दुप्पट कापलं. रविवारी धुतलेला सदरा घालून, गुडघ्यांवर हात ठेवून ते घरासमोरच्या बाकावर दिवसभर बसून राहिले. सोमवारी त्यांना घेऊन गेले ते तीन वर्षांसाठी. मी आठ वर्षांचा होतो. प्रभूचा दिवस मोडायचा नाही, एवढीच इस्टेट त्यांनी आपल्याला दिली आणि ती आपण राखली आहे.

आता कामाचं. आपल्या बाकीच्या जर्मन वंशाच्या माणसांसारखे आमचेही जर्मनीचे कागद आले. उन्हाळ्यात निघायचं ठरतंय. तुझ्या भावजयीने, लेनाने, आत्तापासून ट्रंका काढल्यात. तुझं नाव मी माझ्याच अर्जात घातलंय, सोबतच्या कागदावर फक्त तुझी सही हवी. याकोब भाऊजी गेल्यापासून तू एकटी तीन गाई सांभाळतेस, ऑगस्टात मनगटही मोडून घेतलंस. चाळीस वर्षं दूध काढलंस, आक्का. आता विसावा घे.

आब्राम नॉयफेल्डच्या घरची माणसं गेली का? आपल्यांपैकी तिथे अजून कोण कोण आहे, ते कळव.

तुझा भाऊ,
कोर्नी

•

स्टिलफेल्ड,
२५ ऑक्टोबर १९९३

प्रिय कोर्नी,

तुझं पत्र मिळालं. नऊशे माणसं उभी राहिली हे वाचून बरं वाटलं, पण टीनाला सांग, रडू नकोस. ती इथून गेली तेव्हा तिच्यासाठी इथलं कुणी रडलं नव्हतं. स्वभाव, दुसरं काय.

मनगट आता ठीक आहे. हवा बदलली की ठणकतं. हात गळ्यात होता तेव्हापासून पलीकडच्या गल्लीतली साइरा दूध काढायला येते. किर्गिझ बाई आहे, नवरा गेला, घरी सासू. मोबदल्यात निम्मं दूध घेऊन जाते. बोलते कमी, पण तिने हात लावला की माझी लाथाडी गायसुद्धा शहाण्यासारखी उभी राहते.

सफरचंदं वाळवून झाली. शनिवारी आईच्या पद्धतीचे जोडपाव भाजले, मोठ्या गोळ्यावर छोटा गोळा बसवून. म्हणजे रविवारी चूल नाही, दुपारच्या फास्पाला नुसते पाव, मुरंबा आणि चहा. जोडे पॉलिश करून शनिवारीच दाराशी ठेवले. तुला कळावं म्हणून लिहितेय, इस्टेट राखली आहे.

काल उपासनेला सगळे हजर होते. कोणी उशिरा आलं नाही, कोणी पेंगलं नाही. गाणं जरा बारीक आवाजात झालं, पण सुरात झालं. असं गेल्या वीस वर्षांत घडलं नव्हतं.

कागदाचं बघते. एवढी घाई नको. जर्मनी काही पळून जात नाही, पळतोय ते आपण.

स्टिलफेल्डच्या मंडळीचा तुम्हा सर्वांना सलाम.

तुझी,
आगानेता

•

करागांडा,
१३ डिसेंबर १९९३

प्रिय आक्का,

तुझा सलाम काल दिला. "सगळे हजर होते" हेही मी मुद्दाम वाचून दाखवलं, कारण आमच्याकडे दर रविवारी दोन बाकं रिकामी होताहेत. दर आठवड्याला कुणीतरी निरोप घ्यायला उभं राहतं. आमच्या वडीलजनांना तुमचं फार कौतुक वाटलं. एक जण म्हणाले, करागांडा रिकामं होईल, पण स्टिलफेल्ड टिकेल. माझी मान ताठ झाली.

पण आक्का, तू बाकीचं एवढं लिहितेस आणि मी विचारलेलं गाळतेस. नॉयफेल्डची माणसं आहेत की गेली? कागदावर सही केलीस का? जानेवारीच्या आत अर्ज पुढे जायला हवा.

तिकडे गेलेल्यांची पत्रं येतात. घरं उबदार आहेत, नळाला गरम पाणी आहे, रविवारी अख्खा गाव गप्प असतो. कारखाना बंद, दुकान बंद. बाबांना जे बाकावर बसून मिळवावं लागलं, ते तिथे सरकारच देतं. मला तुला तिथे, खिडकीपाशी, हातावर हात ठेवून बसलेली बघायचंय. माझ्या मनात विसावा म्हणजे तेच चित्र आहे.

लेना विचारते, तुला कोट आहे का धड?

तुझा,
कोर्नी

•

स्टिलफेल्ड,
१० जानेवारी १९९४

प्रिय कोर्नी,

कोट आहे. लेनाला सांग, याकोबचा आहे, मला दोनदा गुंडाळता येतो.

नाताळ चांगला झाला. टेबलाशी सात जण होते, खुर्च्या कमी पडल्या म्हणून दोन बादल्या उपड्या घातल्या. माझे जोडपाव आणि त्यांच्यावर ताव मारणारी तोंडं! कुणीतरी तळलेले बोरसोक आणले होते, कुणी तिखट कोबी. आईने बघितलं असतं तर म्हणाली असती, हा काय नाताळ आहे की बाजार. मग तिनेच दुसऱ्यांदा वाढून घेतलं असतं.

एक विचारते. तू पाळक आहेस, शास्त्र शिकलेला. ती आज्ञा आहे ना, सातव्या दिवशी काम न करण्याची. ती शेवटपर्यंत कधी वाचली आहेस का? मी छप्पन्न वर्षांत शंभरदा म्हटली असेल, पण शेवटचा भाग जिभेवरून नुसता घरंगळत जायचा. सवडीने वाच आणि कळव.

कागद मिळाला आहे. कपाटात जपून ठेवला आहे.

स्टिलफेल्डच्या मंडळीचा सलाम. सगळे हजर असतात.

तुझी,
आगानेता

•

करागांडा,
२१ फेब्रुवारी १९९४

आक्का,

काल उपासना संपल्यावर आब्राम नॉयफेल्ड मला भेटला. बहिणीचा निरोप घ्यायला आला होता, परवाच्या विमानाने जर्मनीला जातो. मी त्याला आनंदाने विचारलं, स्टिलफेल्डची मंडळी कशी आहे? तो म्हणाला, "कसली मंडळी? अकरा ऑक्टोबरला आम्ही निघालो, ते शेवटचे. तिथे आता तुझ्या बहिणीशिवाय एकही आपला माणूस नाही."

म्हणजे ऑक्टोबरपासून मी व्यासपीठावर उभा राहून रिकाम्या बाकांचा सलाम देतोय आणि शेकडो माणसं उभी राहून तो प्रेमाने स्वीकारताहेत. प्रभूच्या घरात, आक्का. माझ्या तोंडून. मी खाली बसलो तेव्हा टीना विचारत होती, गावाकडचं काही कळलं का? मी तिला काय सांगू?

पण याहून वाईट पुढे आहे. विमानाची वाट बघत तिकडेच शहरात थांबलेला आब्राम जानेवारीत शिवणयंत्र न्यायला गावात आला होता. रविवार होता, सकाळचे दहा वाजलेले. प्रार्थनागृहाला कुलूप. आणि तू ॲप्रन बांधून, बाह्या वर करून, त्या किर्गिझ बाईच्या गोठ्यात तिच्या गाईचं दूध काढत होतीस. तुझ्या नव्हे, तिच्या. आणि ती बाई खुर्चीत बसून चहा पीत होती. तो शरमून हाक न मारता निघून गेला.

आक्का, तुझे एवढे हाल झाले आणि मला कळवलं नाहीस? बाबांची मुलगी रविवारी दुसऱ्याच्या गोठ्यात मोलकरीण! ज्या दिवसासाठी ते तीन वर्षं छावणीत कुजले, तो दिवस तू बादलीभर दुधाला विकलास? मला तुझा राग आला आहे आणि माझीही लाज वाटते आहे, कारण भाऊ म्हणून मी वेळेवर आलो नाही. त्या कागदावर आजच सही कर. मी सोळा जूनला निघतो. तू माझ्याबरोबर येतेस, यात आता विचारण्यासारखं काही राहिलं नाही.

कोर्नेलियस

•

स्टिलफेल्ड,
१४ मार्च १९९४

प्रिय कोर्नी,

तुझं पत्र साइराला वाचून दाखवलं. "मोलकरीण" या शब्दापाशी ती इतकी हसली की चहा सांडला. मग रडली. त्यामुळे आता सगळं लिहिते. लपवलं ते चुकलं, पण खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. तू आपल्यांपैकी किती उरले असं विचारत होतास आणि मी हजर किती ते लिहीत होते. तू स्वतः जुळवून घेतलंस.

आब्राम गेला त्याच्या पुढच्या रविवारी मी प्रार्थनागृह उघडलं. एकटी. बाकं पुसली, माझ्या नेहमीच्या जागी बसले. पुरुष कुणी नाही म्हटल्यावर वाचायचं मीच. मोठ्याने वाचायला घेतली ती नेमकी ती आज्ञा. काम करायचं नाही, तू नाही, तुझ्या मुलाने नाही, मुलीने नाही. इथवर ठीक. पुढे दासीने नाही, जनावराने नाही, आणि तुझ्या वेशीच्या आत असलेल्या परक्याने नाही. कोर्नी, माझं वाचन तिथेच थांबलं. कारण प्रार्थनागृहाच्या खिडकीतून माझा गोठा दिसतो, आणि गोठ्यात साइरा होती. दोन हातांत दोन बादल्या. मी धुतलेल्या कपड्यांत, पॉलिश केलेल्या जोड्यांत प्रभूचा दिवस पाळत होते, आणि तो मला पाळता यावा म्हणून ती राबत होती. गाईला रविवार कळत नाही, दूध काढावंच लागतं, हे आपण लहानपणापासून म्हणत आलो. पण ते साइरानेच का काढायचं? मनगट तर केव्हाच बरं झालं होतं. मला नुसती सवय लागली होती.

कुलूप घातलं आणि गोठ्यात जाऊन तिच्या हातातली बादली घेतली. तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "एजे, मी दूध चोरलं नाही. शप्पथ."

एजे म्हणजे थोरली बहीण, तुला माहीत आहे. दोन महिने ती मला बहीण म्हणत होती आणि मी बादली काढून घेतल्यावर तिच्या मनात पहिलं आलं ते हे. मी कसं दिसत असेन तिला, याचा विचार कर. मी म्हटलं, चोरलं नाहीस, आज बस. कुठे? खुर्चीत. कशाला? नुसती. ती खुर्चीच्या कडेवर टेकली, आणि मी आत वळले तर तिने कप विसळायला घेतले. बसायचं कसं हे तिला ठाऊकच नव्हतं. मी तिच्यापुढे पाव ठेवले, मुरंबा ठेवला. तिने मला विचारलं, हे कोणी सांगितलं तुला? मी म्हटलं, आमच्या देवाने. ती म्हणाली, बायकांबद्दल सांगितलंय त्याने? मी म्हटलं, नाव घेऊन सांगितलंय, पण आम्ही ते वाक्य पुटपुटत म्हणतो.

पुढच्या रविवारी ती पहाटे स्वतःच्या दोन गाई उरकून येणार होती. मी म्हटलं, मग तो कसला विसावा? तेव्हापासून रविवारी पाचही गाई माझ्या. आधी माझ्या तीन, मग तिच्या गोठ्यात जाऊन दोन. म्हणून दहा वाजतात आणि म्हणून उपासना आता बारा वाजता असते. आब्राम दोन तास थांबला असता तर त्याला कुलूप उघडलेलं दिसलं असतं. पण तो कसला थांबतोय, त्याला रडत रडत सगळीकडे सांगायचं होतं.

तिच्या सासूला, बातमा आपांना, कुणकुण लागली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई काठी टेकत आली आणि म्हणाली, सुनेला बसवतात तिथे मलाही बसू दे. त्या पहिल्याच दिवशी बाकावर झोपून गेल्या. मी त्यांना उठवलं नाही. त्या मला सरळ सांगतात, "मी तुमच्या येशूसाठी येत नाही हो, बसायला येते. पण माणूस बरा दिसतो. बायांना बसवतो." मग कांद्याचं शेत करणारी कोरियन झोया पाक आली, ती नाकाने कांदे सोलणारी म्हणून गावभर प्रसिद्ध, आता सगळ्यांची भांडी विसळते. तिने तिचा तिखट कोबी आणला. तिच्यामागून गेन्नादी, ट्रॅक्टरवाला, दारू सोडलेला. त्याला रविवार काढायला जागा हवी होती. असे करत आज आम्ही नऊ आहोत. वाचन रशियनमध्ये होतं, प्रार्थना ज्याची त्याच्या भाषेत. मी किर्गिझमध्ये प्रार्थना केली की साइरा डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाला लावते. म्हणते, एजे, देवाला समजलं असेल, पण फार विचार करावा लागला असेल.

आता तू ज्याला हाल म्हणतोस त्याबद्दल. बाबा त्या बाकावर बसले याचा मला तुझ्याइतकाच अभिमान आहे, मी पंधरा वर्षांची होते, त्यांचा सदरा मीच धुतला होता. पण बाबांनी रविवार राखला तो घरातल्यांसाठी. मी तो वेशीबाहेर वाटला, आणि घरातला काही कमी झाला नाही. माझी मान खाली गेलेली नाही, कोर्नी. उलट इतकी ताठ आहे की साइरा म्हणते, एजे, दरवाज्यातून जरा वाकून जा.

आणि आता जे खरं अडलंय ते. साइरा, झोया, गेन्नादी आणि झोयाची बहीण, चौघांना बाप्तिस्मा हवा आहे. या सबंध खोऱ्यात दीक्षा दिलेला आपला एकही पाळक उरलेला नाही, सगळे गेले. साइराच्या दिराने तिला सांगून टाकलंय, पाण्यात उतरलीस तर आमच्या कबरस्तानात तुला जागा नाही. ती माझ्याकडे आली, म्हणाली, मग एजे, मी निजायचं कुठे? मी तिला आपल्या कबरस्तानात नेलं. दाखवलं, हे याकोब, त्याच्या शेजारची जागा माझी, आणि माझ्या पलीकडची तुझी. तिने त्या जागेवर उभं राहून बघितलं आणि बरं म्हणाली.

तिला जागा दाखवून मी जर्मनीत जाऊन झोपू? कागद कपाटात आहे, सही नाही. होणारही नाही.

तू सोळा जूनला जातोस. त्याआधी एक रविवार मला दे. तू आला नाहीस तरी आम्ही बारा वाजता जमत राहू. पण ती चौघं कायमची उंबऱ्यावर राहतील, आणि साइराने जे पणाला लावलं ते लावून तिच्या हाती काहीच नाही, असं होईल. मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलेलं नाही.

स्टिलफेल्डच्या मंडळीचा सलाम. नऊ जणांचा. हवा तर दे, नको तर देऊ नकोस.

तुझी बहीण,
आगानेता

•

करागांडा,
११ एप्रिल १९९४

प्रिय आक्का,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा रागाने, कारण चूक दाखवलेली मला आवडत नाही, हे तुला पहिल्यापासून माहीत आहे. ती आज्ञा मी तीस वर्षं शिकवतोय. तो शेवटचा भाग मीही पुटपुटतच म्हणत होतो.

इथले दोन वडीलजन नाखूश आहेत. म्हणतात, ही माणसं कोण, त्यांची परीक्षा कुणी घेतली, बाई वाचन करते हे कुठल्या नियमात बसतं. मी म्हटलं, मी जाऊन बघतो. लेना तर ट्रंकेवर बसून रडली. म्हणाली, तीन आठवड्यांवर निघणं आलं आणि तुम्ही दीड दिवस आगगाडीत बसून चार माणसं भिजवायला चाललात. मग तिनेच माझा पांढरा सदरा इस्त्री केला.

पेंटेकॉस्टच्या रविवारी, बावीस मे, मी तिथे असेन. पण आक्का, मी चौघांनाही प्रश्न विचारणार. कडक विचारणार. भावनेच्या भरात पाण्यात उतरवणार नाही. त्यांना सांगून ठेव.

सलाम मी काल दिला. "नऊ जणांचा" असं म्हणालो. सगळे उभे राहिले. फक्त ते दोघे बसून राहिले.

तुझा,
कोर्नी

•

स्टिलफेल्ड,
३० मे १९९४

प्रिय कोर्नी,

तू जाऊन आठवडा झाला. हे पत्र झोयाचा भाऊ करागांड्याला कांदे घेऊन येतोय त्याच्या हाती देते, म्हणजे तू निघण्याआधी मिळेल. तू इथे होतास, त्यामुळे काय झालं ते तुला सांगण्यात अर्थ नाही. पण अर्धं बोलणं किर्गिझमध्ये झालं आणि तू त्यातलं काही न समजता मान डोलावत होतास, म्हणून ते सांगते.

शनिवारी तू साइराची परीक्षा घेतलीस, दीड तास. तू विचारलंस, पुनरुत्थान म्हणजे काय, आणि तिने जे उत्तर दिलं ते मी तुला रशियनमध्ये फार नीटनेटकं करून सांगितलं. ती खरं म्हणाली होती, "मला माझी जागा दाखवलेली आहे. तिथून उठवायला तो येणार, एवढं मला कळतं." मी त्यात चार शास्त्रीय शब्द घातले, तुझा जीव भांड्यात पडावा म्हणून. माफ कर. पण तिचंच उत्तर बरं होतं.

कालव्याचं पाणी बर्फाचं होतं. गेन्नादी ओरडला ते आनंदाने नव्हे. साइरा उतरली तेव्हा पलीकडच्या काठावर तिचा दीर उभा होता, तुला मी सांगितलं नाही. ती वर आली तसा तो वळून गेला. पण चार दिवसांनी त्याने आपल्या आईसाठी, बातमा आपांसाठी, प्रार्थनागृहात एक गादी पाठवली. म्हणे, बाक कडक आहे. याचा अर्थ काय लावायचा तो लाव.

आणि त्या सकाळचं. तू पहाटे उठून मला म्हणालास, आक्का, आज तू आणि ती दोघीही बसा. मला वाटलं थट्टा करतोयस. पाळक, पांढरा सदरा, उद्या जर्मनी, आणि पाच गाई. माझी लाथाडी तुला दोनदा लागली ते मी पाहिलं, पण बोलले नाही. साइराच्या अंगणात आम्ही दोघी खुर्च्यांवर बसलो होतो आणि बातमा आपा भिंतीशी. तू गोठ्यात वाकलेला. त्या बराच वेळ बघत होत्या. मग काय म्हणाल्या, ज्यावर आम्ही तिघी हसलो आणि तू कावराबावरा झालास? त्या म्हणाल्या, "या वयापर्यंत पुष्कळ मुल्ला बघितले, पुजारी बघितले. बादली धरणारा हा पहिला. याच्या आईने याला नीट वाढवलंय." मी म्हटलं, आपा, आईने नाही, मी वाढवलंय. आणि मग मला रडू आलं. मी चुलीशी, बाबा छावणीत, आई शेतावर, तू आठ वर्षांचा, हे सगळं एकदम आठवलं. तुला वाटलं धूर गेला डोळ्यांत.

दुपारी तू मंडळीची जुनी वही काढलीस आणि बाबांचं नाव आहे त्याच यादीत, तशाच शाईने, चार नावं लिहिलीस. साइराचं स्पेलिंग दोनदा विचारलंस. साइरा आता ती वही रोज उघडून बघते. वाचता येत नाही तिला जर्मन अक्षर, पण बोट बरोबर ठेवते.

रविवारी मी बसले, कोर्नी. अख्खी सकाळ, हातावर हात ठेवून, तुला हवी होते तशीच. फक्त खिडकी इथली होती.

जा आता सुखरूप. लेनाला सांग, कोटाची काळजी नको.

तुझी आक्का,
आगानेता

•

जर्मनी, नव्याने आलेल्यांच्या वसतिगृहातून,
८ ऑगस्ट १९९४

प्रिय आक्का,

पोचलो. खोली एक, पलंग चार, नळाला गरम पाणी. रविवारी खरंच सगळं गप्प असतं. इतकं गप्प की लेना म्हणाली, इथे कुणी मेलंय का? पहिल्या रविवारी आम्ही जवळच्या मोठ्या मंडळीत गेलो. चांगली माणसं आहेत. उपासना तासाभरात संपली, सगळे आपापल्या गाड्यांत बसून घरी गेले. फास्पाला कुणी बोलावलं नाही, आणि आम्हीही कुणाला बोलावू शकलो नाही, खुर्च्या नाहीत. मग मला तुझ्या उपड्या बादल्या आठवल्या. पुढच्या रविवारी लेनाने पलंगांवर चादरी पसरून वसतिगृहातल्या सगळ्यांना बोलावलं. शेजारच्या खोलीत कझाक नवरा आणि जर्मन बायको आहे, वरच्या मजल्यावर ताश्कंदची एक म्हातारी एकटीच. सगळे आले. लेनाचे जोडपाव जरा जळले, तरी संपले.

तू मला कधी विचारलं नाहीस, पण मी तुला सांगतो. तुला न्यायचं म्हणून मी एवढा हट्ट धरला होता, त्यात अर्धी तुझी काळजी होती आणि अर्धी भीती. माझ्यामागे तिथे कुणीच उरू नये म्हणजे माघारी बघायला नको, असं मला आतून वाटत होतं. ते खरं आहे आणि ते लिहून टाकलं की बरं वाटेल म्हणून लिहितो.

शुक्रवारी कचेरीत बोलावलं होतं. एक लांबलचक फॉर्म भरायचा होता. आडनाव, जन्म, धर्म, कामधंदा, आणि सगळ्यात शेवटी, "मागे राहिलेले जवळचे नातेवाईक". चार ओळींची जागा. पहिल्या ओळीत तुझं नाव लिहिलं. आगानेता विन्स, थोरली बहीण. लेनाला वाटलं झालं, ती पिशवी आवरायला लागली. मी दुसऱ्या ओळीत लिहिलं, साइरा, बहीण. तिसऱ्या ओळीत झोया, बहीण. चौथ्यात गेन्नादी, भाऊ. मग ओळी संपल्या. मी खिडकीतल्या बाईंना म्हटलं, आणखी एक कागद लागेल.

त्यांनी दिला. त्यावर मी उरलेल्यांची नावं घातली. बातमा आपांपाशी थोडा अडलो. त्या काही पाण्यात उतरलेल्या नाहीत आणि मी खोटं लिहिणार नव्हतो. शेवटी नात्याच्या रकान्यात "बहिणीची सासू" असं लिहिलं. नऊच्या नऊ झाली.

बाई तरुण होत्या, सौम्य होत्या. त्यांनी दोन्ही कागद सावकाश वाचले, बोटाने एकेका नावावरून खाली आल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही किर्गिझ आहेत, ही कोरियन, हा रशियन. इथे जवळचे नातेवाईक लिहायचे असतात, साहेब. ही सगळी तुमची आहेत?"

माझ्यामागे रांग होती. लेना माझ्या बाहीला धरून उभी होती. मी टोपी काढली, का ते मलाही कळलं नाही, आणि सरळ उभा राहिलो.

"हो," मी म्हटलं. "सगळी आमचीच."

तुझा भाऊ,
कोर्नी